दस्तीखालचा हात

आप्पा, मी अक्का, तुमची लेक. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आन मी आज वही घेऊन बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला मालूम हाय. येत असतं तर मी कदाचित लिहिलं बी नसतं. वही नातीच्या शाळेची हाय, अर्धी कोरी राहिलेली. पुढच्या पानावर पोट फाडलेला बेडूक काढलाय, म्हणून मी उलटी धरून मागून लिहून राहिले. सकाळचं काम उरकलंय. लेक न बोलता दुकानाला गेला, सून गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली, आन माझे गुडघे असे झालेत की खाली उतरलं तर परत वर कसं यायचं ह्याचा आधी विचार करावा लागतो. म्हणून म्हणलं, जे तोंडानं सांगायचं राहून गेलं ते लिहून मोकळं व्हावं. लांबण लावणार न्हाई. बोलघेवडा माणूस तुम्हाला कधी आवडला न्हाई, मला बी आवडत न्हाई.

नात म्हणजे तुमची पणती. तिला तुम्ही बघितलं न्हाई. तिच्या बापाला बघितलंय, तो तुमच्या खांद्यावरच्या दस्तीचं टोक धरून आमच्या लातूरच्या घरात फिरायचा. तोच आता पन्नाशीला आलाय. तुमच्या जावयाचं कासऱ्यांचं आन घुंगरमाळांचं दुकान जिथं होतं तिथंच तो आता पाण्याच्या मोटारी आन पाइप विकतो. बैलच राहिले न्हाईत, कासरे कोण घेतंय. त्याची ही एकुलती एक लेक. लातूरच्या क्लासात घासली, पुण्याला इंजिनिअर झाली, दोन वर्षं नोकरी केली, आन एक दिवस माझ्यापुढं येऊन बसली. मी शेंगा फोडून राहिले होते.

"आज्जी, मी मास्टर्स करायला चाललेय. अमेरिकेला."

"मास्तर व्हायला तिकडं कशाला जायचं? लातुरात काय मास्तर कमी हायेत?"

ती हसली, पर मला दुरुस्त केलं न्हाई. लबाड. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मास्तर. आप्पा, तो शब्द ऐकला आन मला काय झालं ते सांगता येत न्हाई. मी भाजीवालीला सांगितलं, शंभूच्या देवळातल्या बायांना सांगितलं, नात मास्तर व्हायला चाललीय, अमेरिकेला. बाप नको म्हणत होता, पोरीला एवढ्या लांब एकटी कशी धाडायची म्हणत होता, तर त्याच्याशी मी भांडले. आठ दिवस भांडले. तो हो म्हणल्यावर मग त्यानं मला समजावून सांगितलं.

"आई, मास्तर न्हाई. धंद्याची डिग्री हाय ती. धंदा कसा करायचा ते शिकवतात."

"दोन वर्षं? खुर्चीवर बसून?"

"हाव."

"आन गिऱ्हाईक कुठून आणतात?"

तो हसला आन दुकानाला निघाला. पर तवर झालं ते झालं होतं, मी तिच्या बाजूनं बोलून बसले होते, आन बोललेलं मागं घ्यायचं न्हाई हे तुमच्याकडनंच शिकलेलं. तसं अमेरिका म्हणलं की मला अजून ती दुष्काळात तिकडनं आलेली लाल ज्वारीच आठवते. तिची भाकर थापायला घेतली की माय रडकुंडीला यायची, हातातच तुटायची. पोरगी विमानात बसायला निघाली तवा बी माझ्या डोक्यात तेच, की त्या देशातून आलेल्या पिठाची आपल्याला धड भाकर थापता आली न्हाई, आन ही तिथं काय खाणार. काळा मसाला दिला, शेंगाची चटणी दिली, ज्वारीचं पीठ न्यायला ती नको म्हणली. आन सगळ्यात खाली, कपड्यांच्या मधी, मी ती दस्ती ठेवली. लाल काठाची. तुम्ही मला घेऊन दिलेली.

तिनं विचारलं, हे काय? तिला सगळं सांगावं लागलं, आप्पा, म्हणून तुम्हाला माहीत असलेलं बी लिहून राहिले. माझे आप्पा बैलबाजारात दलाल होते. घेणारा एकीकडं, देणारा दुसरीकडं, मधी आप्पा. भाव तोंडानं बोलायचा न्हाई, भोवती दहा माणसं कान टवकारून उभी असतात. आप्पा खांद्यावरची दस्ती काढून हातावर टाकायचे आन दुसऱ्याचा हात खाली घ्यायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. वरून माणसं पावसाच्या गप्पा मारताहेत, जोंधळ्याच्या गप्पा मारताहेत, आन खाली बोटं सौदा करून राहिलीत. कर्नाटकातला माणूस असला तर वरच्या गप्पा कानडीत, बोटं तीच. हात दस्तीतनं बाहेर आला की सौदा पक्का. मग आभाळ पडलं तरी मोडायचा न्हाई. पोरगी ऐकून म्हणली, "आज्जी, हे तर लई भारी हाय." भारीबिरी काई न्हाई म्हणलं, पोट भरायची रीत होती.

मी नऊ वर्षांची असेन. मायनं मला तुमची भाकर घेऊन बाजारात धाडलं होतं. तुम्ही चुलीपुढं बसून मला बोटं शिकवलेली होतीच. माय भाकर भाजायची आन म्हणायची, "पोरीला दलाल करताव का? उद्या कोण करील हिला?" तुम्ही म्हणायचात, "शिकू दे, नवऱ्याला काय पायजे ते बोलायच्या आधी कळंल." बैलाचे दात कसे बघायचे, मालकानं पाय बदलला की तो भावात उतरणार हे कसं ओळखायचं, सगळं त्या चुलीपुढं. आन एक गोष्ट तुम्ही परत परत सांगायचात, हाताला घाम आला की समज त्याला जनावर हवंय, तोंडानं काई बी म्हणू दे. तर त्या दिवशी बाजारात मी भाकर घेऊन उभी, तुमची दस्ती हलताना बघून राहिले, आन तुमच्या कोपराच्या हालण्यावरनं मला आकडा कळला. मला एवढं कवतिक वाटलं माझंच की मी तो मोठ्यानं बोलून दाखवला. सगळी माणसं हसली. घेणाऱ्यानं हात काढून घेतला. तुमचा दिवस गेला.

तुम्ही मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. गावाची वाट संपेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला न्हाईत, आन वेशीजवळ आल्यावर म्हणालात, "दस्तीखालचं तोंडावर आणायचं न्हाई. कधीच न्हाई." पुढच्या बाजाराहून येताना माझ्यासाठी ही लाल काठाची दस्ती आणलीत. "घे, तुझी तुला. तोंडावर धरायला." माय हसून हसून खाली बसली. मी ती लग्नात बी नेली, बाळंतपणात बी नेली. तोंडावर मात्र धरायची गरज पडली न्हाई. मी ते एकदाच शिकले, आन लई पक्कं शिकले.

आता बहात्तरच्या दुष्काळावर येते. त्यासाठीच बसलेय.

त्या साली बाजार कसला, आप्पा. जनावरं होती तिथंच उभ्यानं वाळली. आपला गोठा आधीच मोकळा झाला होता, दावणीला नुसते दोर लोंबायचे. तुम्ही रोज पहाटं तांबडं फुटताना कपाळाला भस्म लावून, स्वच्छ धोतर नेसून निघायचात. कुठं चाललाव म्हणलं की, बाजाराला. एक दिवस उदगीर, एक दिवस भालकी. मला खरं वाटायचं. दिवस मावळायला यायचात, आमचं जेवण झाल्यावर भिंतीकडं तोंड करून जेवायचात. तुम्ही आमच्यासंगट जेवत का न्हाई, हे मला एकदा बी विचारावं वाटलं न्हाई. तेरा वर्षांची घोडी होते, पर अक्कल कुठं होती.

मी सातवी पास झाले होते. गावात पुढं वर्ग नव्हता. आपल्या शाळेतल्या बाई नांदेडच्या होत्या. तिथं मुलींचं वसतिगृह हाय, जेवण-राहणं तिथंच, मॅट्रिक झाली की मास्तरकीचा कोर्स, असं त्या वर्गात सांगायच्या. आन एक दिवस संध्याकाळी बाई आपल्या ओसरीवर येऊन बसल्या. तुम्ही होतात, थोरले काका होते, दाराआड माय. बाई म्हणल्या, "मी आपली माझ्या मनानंच आले. पोरगी हुशार हाय. नांदेडला धाडा. दुष्काळात घरातलं एक तोंड बी कमी होईल." काकांनी पानाची पिंक टाकली आन म्हणाले, "पोरगी मास्तरीण झाली तर नवरा काय हेडमास्तर बघायचा का?" स्वतःच हसले. घरात शेवटचा शब्द त्यांचा. तुम्ही उठलात, मला खुणेनं गोठ्यात बोलावलंत.

मोकळ्या गोठ्यात तुम्ही म्हणालात, "काकासमोर तुला बोलता यायचं न्हाई. मला बी यायचं न्हाई. ओसरीवर तुझ्या हातावर दस्ती टाकतो. जायचं असलं तर माझं पहिलं बोट धर. जायचं नसलं तर पंजा धर. तू बोट धरलंस तर पुढं काय बोलायचं ते मी बघतो, काकाशी बी मी बघतो. पर एकदा हात सुटला की मग विचारायचं न्हाई." मी मान हलवली. मला हसू येत होतं, आप्पा. तुम्ही मला मोठ्या माणसासारखं सौद्याला बसवून राहिले होतात.

तुम्ही ओसरीवर बसलात, मला जवळ बसवलंत, बाईंना म्हणालात, नांदेडला पाणी तरी हाय का हो आमच्यापेक्षा? बाई गोदावरीचं सांगायला लागल्या. काका बी मधी बोलले. आन तुम्ही गप्पा मारता मारता दस्ती आपल्या दोघांच्या हातांवर टाकलीत. मी तुमचं पहिलं बोट धरायला हात पुढं केला. बोटाला चिंधी बांधलेली. बोट सुजून एवढं झालेलं. मी दचकून हात खाली घेतला, तर तळहात लागला. सगळे फोड. काई फुटलेले, काई वाळलेले, मधी खडबडीत कातडं. दलालाचा हात कसा असतो मला मालूम होतं, आप्पा, तुमचा हात बायकांपेक्षा मऊ होता. तो हात कुणाचा तरी दुसऱ्याचाच होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याचा. तवा मला कळलं की उदगीरला बी बाजार नव्हता, भालकीला बी नव्हता.

मी तो पंजा धरला. दोन्ही हातांनी धरला असता, पर दस्ती लहान होती. त्यात जायचं-राहायचं काई नव्हतं, आप्पा. दुसरं बोट धरावं, मधलं धरावं, एवढं बी सुचलं न्हाई. मी नुसता तुमचा हात धरला होता. लई वेळ धरला. बाई बोलत होत्या. मग तुम्ही हळूच हात सोडवून घेतलात, दस्ती झटकून खांद्यावर टाकलीत आन म्हणालात, "न्हाई बाई. लेक घर सोडत न्हाई म्हणती." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी काई बोलले न्हाई. हात सुटला होता. दस्तीखालचं तोंडावर आणायचं न्हाई. तुमचीच लेक.

एकच गोष्ट मला इतकी वर्षं छळत आलीय. माझ्या हाताला घाम आला होता. तुमच्यासारख्या माणसाला तो कळला कसा न्हाई? फोडांनी हात बधिर झाला असेल, असं मी मनाला सांगत आले. दुसरं जे मनात येतं ते मी येऊ देत न्हाई.

पुढं लग्न झालं, लातूरला आले. दुकान होतं, गल्ल्यावर मीच बसायची, तुमचे जावई बोलण्यात कच्चे. गिऱ्हाइकाच्या पायाकडं बघून बोलायची, लोक म्हणायचे बाई लई खमकी हाय. मग लातूर जिल्हा झाला. गावभर गुलाल, कमानी, जिलेबीच्या कढया, आन तुम्ही पहिल्या एसटीनं बघायला आलात. थकलेले होतात. सैपाकघरात पाटावर बसलात, बशीत चहा ओतून प्यालात, लेकरू तुमच्या दस्तीला लोंबकळून राहिलं होतं. म्हणालात, "आता जिल्ह्याचं गाव झालं. कचेरी इथं, कॉलेज इथं. आता पोरींना नांदेडला जायचं काम न्हाई." मी चुलीकडं तोंड करून होते. मला वाटलं, आता सांगावं. दहा वर्षं झाली, आता दुष्काळ न्हाई, काका बी गेलेत. मी वळले. आन तुम्ही म्हणालात, "त्या वक्ताला तू न्हाई म्हणलीस ते लई बरं केलंस, अक्का. तू गेली असतीस तर ते साल मला निघालं नसतं. दिवसभर हातोडा मारायचो आन मनात एकच, लेक घरी हाय, पाणी तापवून वाट बघती. ती बाईच उगं मागं लागली होती. तुला कुठं जायचं होतं!"

एवढं बोलून तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वाट बघितल्यासारखं बघितलंत. मी म्हणले, "चहा घ्या अजून." आन ओतला. पुढच्या साली तुम्ही गेलात. मी एसटीनं पोचेपर्यंत तुमचा हात थंड झाला होता. कातडं परत मऊ झालं होतं.

आता पणतीचं ऐका. गेली तिकडं, पहिले सहा महिने नुसती रडायची. फोनात तोंड दिसतं, आप्पा, त्यामुळं लपवता येत न्हाई. मग तिच्या वर्गात सौदा करायचा विषय लागला. खरंच, तिकडं सौद्याचा बी विषय असतो. समोरासमोर दोघं बसवतात, दोघांना एकेक चिठ्ठी, ह्याच्या वर जायचं न्हाई, ह्याच्या खाली यायचं न्हाई. ही हरली. "मी बोलत बसले, आज्जी, समोरचा गप्प बसला." मी म्हणलं, मग बरोबर हरलीस. दुसऱ्या वेळी ही दस्ती घेऊन गेली. शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं आमच्याकडं अशी रीत होती, त्या म्हणल्या दाखव. हिनं मेजावर दस्ती टाकली आन एकाचा हात खाली घेतला.

"कोणाचा हात धरलास गं?"

"नायजेरियाचा पोरगा हाय एक."

"बापाला सांगू नको."

लई हसली. म्हणली, "त्याच्या आजोबाच्या गावाला बी गुरांचा बाजार भरतो. तो विचारून राहिलाय, तुझ्या आजीला विचार, हाताला घाम आला तर काय समजायचं?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. म्हणलं, "सांग त्याला, समोरच्याला ते हवंय असं समजायचं. आन समजलं तर तसं वागायचं." ती लिहून घेत होती. तुमचं बोलणं, आप्पा, अमेरिकेत वहीत उतरून घेतलं कुणीतरी. त्या दिवसापासनं तिचं रडणं थांबलं.

आन आता गेल्या महिन्यात तिला ठिकाण आलं. लातुरातलंच, मोठं घर, पोरगा डॉक्टर. लोक थांबायला तयार न्हाईत. लेक मला म्हणून राहिला, "एक वर्ष झालंय तिचं, तेवढं बस हाय. येऊ दे तिला आता. तू सांगितलंस तर ऐकंल." मी म्हणलं तूच विचार. त्यानं माझ्यासमोर फोन लावला, सगळं सांगितलं. तिकडनं एवढंच आलं, "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा." लेकाचं तोंड फुललं. फोन ठेवून म्हणला, "बघ, तयार हाय पोरगी. उगं काळजी करत होतो." सून पेढे आणायचं बोलायला लागली.

तुम्ही म्हणाल तसं. आप्पा, मी ते ऐकलं न्हाई, मी ते हाताला लागल्यासारखं ओळखलं. तो पंजा होता. बापाची दुकानातली धावपळ, त्याचं पांढरं झालेलं डोकं, आईचा आवाज, सगळं तिच्या हाताला लागलं असणार आन तिनं पंजा धरला. आन बाप हात झटकून मोकळा झाला, जसे तुम्ही झालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दुकानाला गेल्यावर मी फोन लावला. तिकडं रात्र होती. ती खोलीत बसली होती, मागं खिडकी, खिडकीत बर्फ.

"तुला यायचंय का?"

"पप्पा म्हणतील तसं."

"पप्पाचं मी बघते. तुला काय?"

"तू काय म्हणतीस, आज्जी?"

"मी काई म्हणत न्हाई. तुला विचारून राहिले."

ती खाली बघायला लागली. मांडीवर काहीतरी चिवळून राहिली होती. नीट बघितलं तर दस्ती. लाल काठ.

"ती खाली ठेव आधी," मी म्हणलं. "दस्ती ठेव बाजूला आन तोंडानं सांग."

तिनं ठेवली. मी थांबले, गप्प बसणं मला येतं. मग एकदम म्हणली, "मला यायचं न्हाई, आज्जी. आत्ता न्हाई. मला पुरं करायचंय." आन हुंदका आला तिला. मी म्हणलं, "रडायचं काय त्यात. नाक पूस. चांगला मोठ्यानं आवाज निघाला."

रात्रीपर्यंत थांबले न्हाई, दुपारी लेक जेवायला आला तवाच सांगितलं. ताट सारून उठला. "काल हो म्हणली होती, आज तू फिरवलंस. तुझ्यामुळं झालं." मी म्हणलं, "ती म्हणली. मी ऐकलं, एवढंच." त्या लोकांना नकार कळवला. ठिकाण गेलं. तीन दिवस झाले, लेक माझ्याशी धड बोलत न्हाई, भिंतीकडं तोंड करून जेवतो. तुमच्यासारखाच दिसतो तसा बसल्यावर. मी त्याच्या पाठीकडं बघत बसते. बोलंल चार दिवसांनी. न्हाई बोलला तरी हरकत न्हाई. पोरगी अजून एक वर्ष तिकडं राहील, मग नोकरी बी तिकडंच धरील, मला सगळं कळतं. मी तिला परत हातानं चाचपून बघणार हाय का न्हाई, काय सांगावं. फोनात तोंड दिसतं, हात लागत न्हाई. त्याचं मला वाईट वाटत न्हाई असं म्हणणार न्हाई. लई वाटतं. तुमचा हात पन्नास वर्षं झाली हाताला लागून हाय, तिचा आत्तापासनंच विसरून राहिले.

हे कुठं धाडायचं न्हाई. धाडायचं म्हणलं तरी पत्ता काय लिहू? तुम्ही होतात तवा आपलं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, तुम्ही गेलात तवा लातूर जिल्ह्यात. नातीला बी दाखवणार न्हाई, ती लगेच वर्गात नेऊन वाचील. बेडकाच्या वहीतच राहू दे. आन दस्तीखालचं तोंडावर आणू नको म्हणाला होतात, ते मी तुमच्या बाबतीत शेवटपर्यंत पाळलं, तुमच्या तोंडावर कधीच आणलं न्हाई. पर आता कागदावर आणलंच हाय तर अजून एक.

शाळेतल्या बाई त्या दिवशी ओसरीवर त्यांच्या मनानं आल्या नव्हत्या. पाण्याला जाते म्हणून मी घागर घेऊन निघाले आन त्यांच्या खोलीवर गेले. मी म्हणले, आमच्या घरी चला, पर मी बोलावलं म्हणून सांगू नका, आप्पाला वाईट वाटंल. त्यांनी सांगितलं न्हाई. मी घागर तशीच रिकामी घेऊन घरी आले, आन विहिरीला पाणी नव्हतं म्हणून सांगितलं. त्या साली ते सगळ्यांनाच खरं वाटलं.